अकरावीच्या उंबरठ्यावर



जून महिना उजाडला आहे. दहावीचा निकाल हाती घेऊन बसलेली आपली मुले आईबापांच्या तोंडाकडे पाहत आहेत. अकरावीला नाव घालावयाचे की नाही, घालावयाचे तर कोणत्या शाखेला, कोणत्या गावी, आणि खर्च कोठून करावयाचा, हे प्रश्न घरोघर चालले आहेत. दरवर्षीचीच ही गोष्ट, तिच्यावर अग्रलेख कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. ज्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन आपले जीवन आपल्या हाती घेतले, त्या कुटुंबाची खरी परीक्षा दीक्षाभूमीवरील गर्दीत होत नाही. ती अशाच एखाद्या जून महिन्यात, चुलीपुढे बसून घेतलेल्या निर्णयात होते.

शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, असे आपण सभांतून ऐकतो. ते खरे आहे. परंतु त्या हक्काची सीमा पुष्कळांना ठाऊक नसते. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने संविधानात २१-अ हे कलम आले आणि २००९ च्या कायद्याने ते अमलात आणले. त्याप्रमाणे मोफत व सक्तीचे शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा हक्क आहे, म्हणजे आठवीपर्यंतचा. त्यानंतर मूल शाळेत गेले नाही तर सरकारी माणसाने दारी येऊन विचारलेच पाहिजे, असे बंधन नाही. इतकेच नव्हे, तर २०१६ साली सुधारलेल्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे निषिद्ध केले असले, तरी चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला धोक्याच्या धंद्यांपासून तेवढे वाचविले आहे. इतर कामांवर तो जाऊ शकतो. अकरावीच्या उंबरठ्यावर उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा या दोन्ही कायद्यांच्या मध्ये उभा आहे. शाळा त्याला सक्तीची नाही आणि मजुरी त्याला बंद नाही. कायद्याने जेथे त्याचा हात सोडला, तेथे घराने तो धरला पाहिजे. आजच्या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचे विवरण आहे.

घराने हात धरणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर सुभेदार रामजी आंबेडकर यांच्याकडे पाहावे. मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत ते कुटुंब राहत होते. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास, सर्व काही. मुलाला अभ्यासासाठी रात्री दोन वाजता उठवावयाचे म्हणून वडील जागे राहत. पुस्तकांना पैसे नसले तर विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणीत, ते गहाण ठेवीत आणि पुस्तक घरी आणीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. या कथेतील बुद्धिमत्ता बाबासाहेबांची होती. पण दागिने बहिणींचे होते आणि रात्रीचे जागरण बापाचे होते. ज्या बहिणींनी आपले दागिने दिले, त्यांनाही आपण विसरता कामा नये.

आता शाखेच्या निवडीविषयी. बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत शिकावयाचे होते. ते अस्पृश्य म्हणून त्यांना तो विषय मिळाला नाही आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत आत्मसात केले. आज कोणतीही शाखा कोणास जातीवरून नाकारता येत नाही. परंतु दार उघडे असूनही आत न जाण्याची सवय जुन्या काळाने आपल्याला लावली आहे. 'विज्ञान आपल्याला झेपावयाचे नाही', 'वाणिज्य व्यापाऱ्यांच्या मुलांचे' अशी वाक्ये आपल्याच घरांत ऐकू येतात. याच्या उलट, शेजारचा मुलगा डॉक्टरकीच्या मागे लागला म्हणून आपल्यानेही लागावे, मग त्याचे मन इतिहासात रमत असले तरी चालेल, ही दुसरी चूक. पहिली चूक भीतीची आहे, दुसरी देखाव्याची. दोन्हींत मुलाला कोणी विचारलेले नसते. तेव्हा प्रथम मुलाला विचारा. दहावीच्या वर्षात कोणी सांगितल्यावाचून त्याने कोणते पुस्तक उघडले, कोणत्या विषयात शंका काढल्या, हे पाहा. कला शाखा ही हरलेल्यांची जागा नव्हे. कायदा, प्रशासन, अध्यापन, वृत्तपत्र यांचा रस्ता तिथूनही जातो, आणि बारावीनंतर पाच वर्षांत वकिलीची पदवी घेता येते. ज्याचे हात कुशल आहेत त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तंत्रनिकेतन हा मार्गही कमी प्रतीचा नाही.

मराठी माध्यमातून दहावी होऊन विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. कालपर्यंत ज्याला तो 'प्रवेग' म्हणत होता, त्याला आज वर्गात इंग्रजी नाव असते; पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे लेखन इंग्रजी, शिक्षकांचा वेग शहरी मुलांना साजेसा. गावात पहिला आलेला मुलगा जुलै महिन्यात मागच्या बाकावर जाऊन बसतो, ऑगस्टमध्ये गैरहजर राहू लागतो आणि दिवाळीला 'मला हे नको' म्हणून घरी येतो. त्याची बुद्धी जूनमध्ये होती तेवढीच असते. केवळ भाषा बदललेली असते. हे आईबापांनी ओळखले पाहिजे आणि मुलाला आधीच सांगून ठेवले पाहिजे की, पहिले तीन महिने कठीण जातील, त्यात लाज नाही. रोज वीस पारिभाषिक शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवावेत, दोघातिघांनी मिळून धडा मोठ्याने वाचावा, न समजलेले शिक्षकांना विचारावे. सहामाही होईपर्यंत भीती बरीच उतरते. आणखी एक सूचना. बोर्डाची परीक्षा बारावीला असते म्हणून अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजण्याची रीत पडली आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश-परीक्षांत अकरावीचा अभ्यासक्रमही असतो, हे लक्षात ठेवावे. तसेच महाविद्यालयात नाव मात्र ठेवून प्रत्यक्षात भरमसाट फीच्या शिकवणी वर्गात मुलाला बसविण्यासाठी कर्ज काढणाऱ्या पालकांनी दहा वेळा विचार करावा. सावकार बदलला तरी कर्ज ते कर्जच.

मुलींविषयी आम्ही स्पष्टच बोलतो. दहावीपर्यंत शिकली, आता पुरे, असे म्हणणारी घरे आपल्यात अद्याप आहेत. भावाला शहरात ठेवावयाचे म्हणून बहिणीचे नाव काढले जाते, किंवा महाविद्यालय दूर आहे, काळ बरा नाही, असे सांगून स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे मुलीचे वय अठरा पूर्ण होण्यापूर्वी लावलेले लग्न हा अपराध आहे, आणि तो लावून देणारे आईबापही त्यातून सुटत नाहीत. परंतु केवळ कायद्याच्या भीतीने आपण थांबावे, हे आपल्याला शोभणारे नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा पाठीशी कोणताही कायदा नव्हता. ज्या धम्माने स्त्रीला भिक्खुणी संघात स्थान दिले, त्या धम्माची वंदना सकाळी म्हणावयाची आणि सायंकाळी सोळा वर्षांच्या मुलीचे दप्तर माळ्यावर टाकावयाचे, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत. पैसे एकाच मुलापुरते असतील तर कोणी शिकावे, असा प्रश्न आम्हांस विचारला जातो. आमचे उत्तर असे की, ते ठरविण्यापूर्वी सरकारी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या दोन्हींचे अर्ज आपण भरले आहेत काय, हे आधी सांगा. बहुतेक ठिकाणी ते भरलेले नसतात.

येथे आपण कागदांच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांची सर्वांत मोठी अडचण हीच आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या कार्यालयात आले. बांधकामावर मजुरी करणारे, वाणीने मृदू. मुलीला दहावीत चांगले गुण होते. शाळेच्या दाखल्यावर धर्म 'हिंदू' आणि जातीच्या रकान्यात 'बौद्ध' असे लिहिलेले होते; पूर्वजातीचा उल्लेख कोठेच नव्हता. जातीचा दाखला वेळेवर मिळाला नाही, राखीव जागेची मुदत निघून गेली आणि मुलीला जास्त फीच्या विनाअनुदानित तुकडीत जावे लागले. आम्ही त्यांना म्हटले, "अर्जात पूर्वजात लिहावी लागेल." ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, जिला आम्ही मूठमाती दिली, तिचे नाव पुन्हा माझ्याच हाताने कसे लिहू?"

वाचकहो, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो स्वाभिमानाचा आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्यात, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजले जाणार नाही, असे कलम होते. अपवाद होता तो पंजाबातील काही शीख जातींचा. १९५६ साली ते सर्व शिखांसाठी शिथिल झाले, बौद्धांसाठी झाले नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहात बौद्धांना या सवलती मिळाव्यात हीही एक मागणी होती. अखेर १९९० साली संसदेने आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला. मधल्या चौतीस वर्षांत सवलतींसाठी धम्म सोडावा, असे आपल्या वाडवडिलांना वाटले नाही.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. अर्जातील पूर्वजातीची नोंद ही आपली ओळख नव्हे. ती आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. अंगावर घाव झालेला मनुष्य न्यायालयात घाव दाखवितो, तेव्हा तो घावाचा अभिमान मिरवीत नसतो. आपला धर्म बौद्ध, हे आपण निर्भयपणे लिहावयाचे; आणि ज्या जातीतून आपले कुटुंब बाहेर पडले तिचे नाव कायद्याने विचारले तेथे सत्य म्हणून सांगावयाचे. अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात आलेल्यांसाठी महाराष्ट्रात दाखल्याचा स्वतंत्र नमुना आहे, तोच मागावा. ज्यांची पूर्वजात अनुसूचित जातींच्या यादीत नव्हती, त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांनी जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊनच अर्ज करावा.

आता व्यवहाराची चार कलमे.

पहिले, शाळा सोडल्याचा दाखला हाती येताच नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात हे रकाने तेथल्या तेथे वाचा. चूक असेल तर ताबडतोब मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्या. मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. नंतर ती फार कठीण होते. धाकटी भावंडे अद्याप शाळेत असतील तर त्यांच्याही नोंदी याच महिन्यात पाहून घ्या.

दुसरे, जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि जात दाखविणारे पुरावे लागतात. आजोबा किंवा पणजोबा यांच्या प्राथमिक शाळेच्या पटावरील उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, गावचे जुने महसुली कागद यांचा शोध घ्या. आजोबांना ज्या शाळेत वेगळे बसविले, त्याच शाळेचा पट आज नातवाचा साक्षीदार होतो. २००० सालच्या महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. म्हणून हे कागद अर्जाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आजच शोधावयाचे. व्यावसायिक शिक्षणाकडे जाणाऱ्या मुलांना पुढे पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता महाविद्यालयामार्फत आधीच करावा.

तिसरे, कोणताही अर्ज पोच घेतल्याशिवाय देऊ नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अधिसूचित दाखल्यांना मुदत ठरलेली आहे. ती टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. नकार कारणांसह लेखी मागा. जातीचा दाखला नाकारला गेला तर तीस दिवसांत अपील करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे.

चौथे, शिष्यवृत्ती. दहावीनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा म्हणून ते झगडले होते. ती दानाची रक्कम नव्हे. अकरावीपासूनच तिचा प्रारंभ होतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि पैसे विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. म्हणून तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या स्वतःच्या नावाचे खाते याच महिन्यात तयार ठेवा. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. तेथे जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या स्वाधार योजनेत राहण्याजेवण्यासाठी साहाय्य मिळू शकते. अर्ज भरण्याचे काम एकट्या मुलावर टाकू नका. त्याच्या शेजारी बसा. वाचता येत नसले तरी बसा.

अकरावीचे प्रवेश आता संगणकावरून होतात. २०२५ पासून साऱ्या राज्याला ही पद्धत लागू झाली. ज्या घरात संगणक नाही, त्या घराने कोठे जावे? आमचे उत्तर, विहारात. आपल्या वस्त्यांत विहारे उभी राहिली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे; परंतु पुष्कळ विहारांना आठवड्यातील सहा दिवस कुलूप असते. विहार समित्यांना आमची विनंती आहे की, जून आणि जुलै हे दोन महिने दररोज सायंकाळी विहार उघडे ठेवावे. वस्तीतील एखादा पदवीधर, एखादा कारकून, एखादा वकील यांनी पाळीपाळीने बसून मुलांचे अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाचा खर्च एक दिवसाने कमी केला तर अकरावी-बारावीच्या पुस्तकांचे दोन-चार संच सहज येतील. एका मुलाने वापरून दुसऱ्यास द्यावेत. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९४६ च्या जून महिन्यात मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाचा प्रारंभ केला. भगवान बुद्धांचे गृहस्थाश्रमातील नाव एकाला आणि भदंत नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दुसऱ्याला. धम्मदीक्षा त्यानंतरची. यावरून महाविद्यालय आणि विहार यांचे नाते त्यांच्या मनात काय होते, हे आपण जाणावे.

शेवटी दोन शब्द विद्यार्थ्यांना. मुलांनो आणि मुलींनो, तुमच्या आधी तुमच्या घरातून या वर्गापर्यंत कदाचित कोणीच आलेले नसेल. वर्गात कोणी तुमचे आडनाव ऐकून दुसऱ्यांदा पाहील, कोणी तुमच्या गुणांवरून टोमणा मारील. त्याला उत्तर देण्यात सारा दिवस घालवू नका. पण अपमान झाला तर तो मुकाट्याने गिळूही नका. घरी सांगा, शिक्षकांस सांगा, लेखी तक्रार करा. राजाला प्रश्न विचारण्यात लाज वाटली नाही. तुम्हांलाही वाटू देऊ नका. आणि एखाद्या विषयात नापास झालात तर घरी येण्यास भिऊ नका. आईबापांनाही आम्ही हेच सांगतो की, त्या दिवशी मुलाला दार उघडे दिसले पाहिजे.

ते गृहस्थ आणि त्यांची मुलगी पुन्हा एकदा आमच्याकडे आली होती. दाखला मिळाला होता. पहिले वर्ष जड गेले, पण तिने ते सोडले नाही. बापाने दाखला आमच्यापुढे धरला आणि धर्माच्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे 'बौद्ध' असे नीट लिहिलेले होते. खालच्या ओळीत पूर्वजात होती. तिच्याकडेही त्यांनी पाहिले आणि मग तो कागद घडी करून मुलीच्या हाती दिला. आपल्या घरातही असा एक कागद तयार व्हावयाचा असेल, तर त्याला हाच महिना आहे.

जय भीम.